वाड्याचा माळा राहता करताना

आमच्याकडे माळ्यावर जायचं ते दिवाळीच्या आधी, मोठी पातेली खाली उतरवायला. एरवी तिथे धूळ, कबुतरं आणि सासूबाईंचा मोडका पाळणा. आता तिथे मी झोपते. मुलीच्या मैत्रिणी याला लॉफ्ट म्हणतात आणि फोटो काढतात. आम्ही माळाच म्हणतो.

वाडा पुण्यात, नारायण पेठेत. दगडी जोतं, त्यावर मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर मंगलोरी कौलं. अशा वाड्याचा वरचा मजला नीट राहता करायला आम्हाला दोन वर्षं लागली. पेठांतले चार जण येऊन विचारून गेले, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी कागद. प्रॉपर्टी कार्डावर किती नावं आहेत ते बघा आणि तेवढ्या सगळ्यांची लेखी संमती घ्या. चुलतदीर तोंडी ‘करा की’ म्हणतात आणि पत्रा उतरला की हजर होतात. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, तेही हातोडा उचलायच्या आधीच विचारून या. खाली जुने भाडेकरू असतील तर त्यांच्या डोक्यावर काम चालणार आहे, त्यांना विश्वासात घ्या.

मग एक पावसाळा नुसते थांबा. हे कोणालाच पटत नाही. आम्ही खडू घेऊन वर बसायचो. जिथे थेंब पडेल तिथे गोल काढायचा, तारीख लिहायची. ऑगस्ट संपेपर्यंत अकरा गोल झाले, पण फुटकी कौलं निघाली तीनच. पाणी कौलातून आत येतं, वाशावरून सरपटत जातं आणि भलतीकडेच टपकतं. गोलापासून वाशाच्या चढाने वर हात फिरवत गेलात की मूळ जागा सापडते. हे न करता सगळं छप्पर बदललंत तरी गळती राहू शकते, कारण आमच्यातला एक गोल कौलाचा नव्हताच, भिंत आणि छप्पर मिळतात त्या सांध्याचा होता.

लाकूड तपासायला लाकडी घरं हाताळलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा आणि सोबत म्हातारा सुतार हवा. आमच्या सुतारकाकांनी प्रत्येक कडीवर, म्हणजे मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडावर, लाकडी मोगरीने ठोकलं. चांगली कडी टणटण वाजते, पोखरलेली बद्द. मग ते पेचकस घेऊन भिंतीकडे वळले. कडीचं टोक जिथे भिंतीत घुसतं, तिथे ओल धरते आणि वाळवी तिथूनच शिरते. मधला भाग दगडासारखा असताना टोकाचा भुसा झालेला असतो. आमच्या तेरा कड्यांपैकी चार अशा निघाल्या, पेचकस मुठीपर्यंत आत गेला. मी चरकले. काका म्हणाले, ‘‘वहिनी, अख्खी कडी काढायची नाही. सडलेलं टोक कापू, जुना साग जोडू, दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून आरपार बोल्ट मारू.’’ आणि टोकाभोवती बोटभर जागा मोकळी ठेवली, सिमेंटने बुजवली नाही. तिथे हवा खेळली की ओल सुकते. सागवान जुनंच घ्या. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड जुन्या बाजारात, टिंबर मार्केटमध्ये चौकशी केली की मिळतं. ते वाळून, मुरून झालेलं असतं, नव्यासारखं पिळवटत नाही.

आता वजनाचं. कडीपाटावर, म्हणजे कड्यांवर बसवलेल्या फळ्यांवर, पूर्वी माती-चुन्याचा जाड थर घालत. आमच्या पुढच्या बारा बाय वीसच्या खोलीत तो पाच इंच निघाला. गडी जिन्यावर ओळीने उभे राहून गोण्या खाली देत होते, मी पाटीवर काट मारत होते: एकशे सत्तर गोण्या. म्हणजे चार टनांच्या वर ओझं त्या कड्या शंभर वर्षं वाहत होत्या. थर निघाला तशी मधली तुळई अर्धा इंच वर आली, दोरी ताणून मोजलं. (मातीत चिंचोके आणि दोन सागरगोटे सापडले. कोणाचे, ते सांगणारं आता कोणी नाही.)

म्हणून कोणी ‘तीन इंच काँक्रीट ओतू आणि इटालियन मार्बल टाकू’ म्हणालं तर हिशेब मांडून दाखवा. एक चौरस फूट, एक इंच जाड काँक्रीट साधारण साडेपाच किलो. त्याच खोलीत तीन इंच म्हणजे पुन्हा चार टन, त्यावर मार्बल वेगळा. आम्ही पाट घासून तेच ठेवले आणि वर सागाच्या फळ्यांची जमीन केली. मुलीला बाथटब हवा होता. भरलेला टब, त्यात माणूस, तीनशे किलो एका कोपऱ्यात. मोठा शॉवर घेतला.

बाथरूम हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. लाकडी मजल्यावर रोजचं पाणी म्हणजे वाळवीला आवतण. आम्ही ते मागच्या बाजूला नेलं, जिथे खाली विटांच्या दोन भिंती समोरासमोर आहेत. भिंतीवरून भिंतीवर लोखंडी चॅनेल, त्यावर सिमेंट शीट, मग वॉटरप्रूफिंग, तेही भिंतीवर फूटभर चढवून. लाकडाला कुठेही टेकवलं नाही. टाइल लावायच्या आधी पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवा आणि खालून टॉर्च मारून बघा. सगळे पाइप बाहेरच्या भिंतीवरून, दिसले तरी चालतील. पाण्याची टाकीही वर नको, हजार लिटर म्हणजे एक टन.

भिंतींना चुनाच. हे मी शिकले ते पैसे घालवून. लग्नासाठी चार दिवस नाशिकला गेले, तेवढ्यात आमच्या पहिल्या कंत्राटदाराने एका भिंतीला सिमेंटचा गिलावा मारून टाकला, ‘ताई, मजबूत होईल’ म्हणून. पुढच्या श्रावणात ती भिंत पोळीसारखी फुगली. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट शोधते. सिमेंट ती वाट अडवतं, चुना देतो. सगळं खरवडून काढलं. कळीचा चुना निदान महिनाभर पाण्यात मुरवला, त्यात विटांची भुकटी आणि वाळू, थोडं गुळाचं पाणी. पातळ थर, दोन थरांमध्ये सबुरी, आणि आठवडाभर ओलं फडकं मारत राहायचं. वर प्लास्टिक पेंट नाही, चुन्याचाच हात. बोट फिरवलंत तर मऊ, गार लागतं.

खालच्या मजल्यावर पानशेतच्या पुराची खूण आहे, १२ जुलै १९६१ची. तिथला गिलावा आम्ही हात न लावता ठेवला.

छपराखाली पीओपीचं छत अजिबात नको. त्याच्यावर काय गळतंय, काय पोखरतंय ते कळत नाही आणि माळ्याची उंची, जिच्यासाठी एवढा खटाटोप, तीच जाते. वाशांवर फळ्या, त्यावर पाणी अडवणारा कागद, मग रिपा, म्हणजे कौलं टेकायच्या लाकडी पट्ट्या, आणि कौलं. कागद आणि कौलांमध्ये हवा फिरायला जागा ठेवली की मे महिनाही सुसह्य होतो. प्रत्येक उतारावर दोन काचेची कौलं बसवा. पण पश्चिमेच्या उतारावर नको, दुपारी तिथे पापड वाळतील.

वायरिंग सगळं नवं, लोखंडी पाइपातून, आणि वीज गळली की प्रवाह तोडणाऱ्या स्विचसकट (आरसीसीबी). लाकडी घर आहे, १८२८ साली शनिवारवाडा कसा जळाला ते पेठेतल्या माणसाला सांगायला नको. रस्त्याकडच्या खिडक्यांना जाड काच आणि रबराची पट्टी लावा, नाहीतर अनंत चतुर्दशीला रात्रभर तावदानं ढोलाची साथ करतात.

सामान आणायच्या आधी जिन्याचं वळण मोजा. आमचा सोफा बोळापर्यंत हातगाडीवर दिमाखात आला आणि पाचव्या पायरीवर अडकला. शेवटी दोराने खिडकीतून वर घेतला, निम्मी पेठ सूचना द्यायला उभी होती.

आणि काढलेल्या कौलांतली धड पन्नास बाजूला ठेवा. कारखान्यागणिक कौलाची खाच वेगळी असते, दुसऱ्या छापाचं कौल जुन्यात बसत नाही, आणि मांजरं दर वर्षी दोन-तीन तरी सरकवून फोडतात. आमची जिन्याखाली रचलेली आहेत. सकाळी आमचे हे त्यांच्यावरच बसून पेपर वाचतात.