परदेशात घेतलेला ट्रक चालवत आणायचा की जहाजाने? या चुका टाळा

परदेशात ट्रक घेतला की बहुतेक जण जहाजाचं भाडं आणि डिझेलचा खर्च शेजारी शेजारी मांडतात. डिझेल स्वस्त पडतंय असं दिसलं की चालवत आणायचं ठरतं. टोल, प्रत्येक देशाचा विमा, व्हिसा, मुक्काम आणि सीमेवर अडकून पडलेले दिवस या हिशोबात येतच नाहीत. पण पैशांच्याही आधी कागदांचा प्रश्न आहे. वाटेतल्या देशात तुमचा ट्रक शिरणार तो पाहुण्याचं वाहन म्हणून की दुसरीकडे चाललेला माल म्हणून? याचं उत्तर हातात नसेल तर निघूच नका.

कार्नेट म्हणजे करमाफी नव्हे

कार्नेट हा वाहनाचा कस्टम्ससाठीचा हमीचा कागद, तो ऑटोमोबाइल क्लब देतो. वाहन कर न भरता तात्पुरतं आत न्यायचं आणि परत बाहेर काढायचं, एवढ्यासाठीच तो असतो. त्याची मुदत एक वर्षाची. मायदेशी ट्रक कायमचा आणताना कर पूर्ण भरावाच लागतो. कार्नेट दाखवून तो वाचेल ही आशा सोडा. शिवाय खरेदी करून थेट आयातीसाठी नेत असलेल्या ट्रकला ते मिळेलच असं नाही, त्यामुळे देणाऱ्या क्लबला खरा हेतू आधीच सांगा.

सगळ्यात महाग पडते ती बाहेर पडतानाचा शिक्का राहून जाण्याची चूक. कस्टम्सच्या दृष्टीने ट्रक अजून त्यांच्याच देशात असतो, म्हणजे तो तिथे विकला गेला असं समजून कराची मागणी क्लबकडे जाते आणि क्लब ती तुम्ही त्याच्याकडे ठेवलेल्या हमीतून वसूल करतो. सीमेच्या जवळपास असतानाच लक्षात आलं तर मागे फिरा, अर्धा दिवस गेला तरी चालेल. फार पुढे आला असाल तर ट्रक आत्ता ज्या देशात उभा आहे तिथल्या कस्टम्सकडून तपासणी करून घ्या, चासी नंबरासह तो तिथेच असल्याचा दाखला मिळवा आणि क्लबला लगेच पाठवा.

युरोपातून निघताना

जर्मनीत निर्यातीची वेगळी नंबरप्लेट मिळते. तिच्या उजव्या कडेच्या लाल पट्टीवर मुदतीची तारीख असते आणि विमाही त्याच दिवशी संपतो. वाटेत बिघाड होणार हे धरूनच मुदत मागा. पिवळ्या पट्टीची पाच दिवसांची प्लेट स्वस्त असते, पण इतर देश ती मान्य करतीलच असं नाही. त्या प्लेटवर लांबचा प्रवास आखणं म्हणजे पहिल्याच नाक्यावर अडकायची तयारी.

हजार युरोंहून जास्त किमतीच्या ट्रकसाठी निर्यात घोषणापत्र लागतं, आणि युरोपीय संघाच्या शेवटच्या सीमेवर कस्टम्सने त्याची नोंद बंद करावी लागते. रात्री पासपोर्ट बघून पोलीस हात दाखवतात आणि चालक तसाच पुढे निघून जातो. निर्यातीचा पुरावा नाही म्हणून विक्रेत्याने अनामत धरलेला १९ टक्के व्हॅट मग परत मिळत नाही. कितीही उशीर झाला तरी कस्टम्सच्या खिडकीपाशी थांबा.

‘ट्रक रिकामा आहे, टोल कशाला?’ हा गैरसमजही जुनाच. टोल वजनाच्या वर्गावर ठरतो. जर्मनीत १ जुलै २०२४ पासून साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना तो लागू आहे. साडेसात टनांवरच्या ट्रकना तिथे रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर यायला बंदी असते, तेव्हा शनिवारच्या मुक्कामाची जागा आधीच हेरून ठेवा. साडेतीन टनांवर चालकाचा परवानाही वेगळ्या वर्गाचा लागतो.

ट्रक अनोळखी, डिझेल अनोळखी

युरो ६ या युरोपीय प्रदूषण मानकाच्या इंजिनाला अत्यल्प गंधकाचं डिझेल लागतं. ते जिथे मिळत नाही अशा देशातून जायचं असेल तर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो. ॲडब्लू (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) संपलं तर इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते, आणि उणे ११ अंशांना ते गोठतं. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा: ‘०३१८’ म्हणजे २०१८ चा तिसरा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी असा टायर लांबच्या वाटेला नको. पैसे चुकते करण्याआधी ट्रक विक्रेत्याच्याच परिसरात भरपूर पळवून पाहा, बिघाड तिथेच निघू दे.

काही ठिकाणी तर रस्ताच नाही. पनामा आणि कोलंबियाच्या मधल्या दारियेन पट्ट्यात सुमारे शंभर किलोमीटर सडक नाही, तेवढ्यासाठी जहाज घ्यावंच लागतं. उलट जपानहून आलेले ट्रक टांझानियातल्या दार-ए-सलाम बंदरात उतरवून झांबियात चालवत नेले जातात. अर्धं जहाज, अर्धा रस्ता ही तडजोड बऱ्याचदा सगळ्यात शहाणपणाची ठरते. माझं मत विचाराल तर एकच सीमा असेल तर चालवा. हमी मागणाऱ्या दोन-तीन सीमा असतील तर जहाजच बरं.

जहाजाने पाठवताना

कंटेनरचं दार सुमारे २.३४ मीटर रुंद असतं आणि मोठा ट्रक अडीच मीटरच्या आसपास. तो आत जाणारच नाही. त्यासाठी रो-रो जहाज (ज्यात वाहन चालवतच चढवतात) किंवा फ्लॅट रॅक (बाजूच्या भिंती आणि छत नसलेला कंटेनर) लागतो. रो-रोचं भाडं बहुधा बाहेरच्या मापांच्या घनमीटरवर ठरतं, म्हणून छतावरचा स्पॉयलर किंवा पुढचा गार्ड काढता येत असेल तर काढा. केबिनमध्ये सामान आणि सुटे भाग भरून ठेवू नका. बऱ्याच कंपन्या ते चालवून घेत नाहीत आणि बंदरात चोरीही होते.

ट्रक जहाजावर चढवण्याआधी मायदेशातली वयाची आणि स्टिअरिंगच्या बाजूची अट तपासा. केनियात आठ वर्षांहून जुनी वाहनं नाकारली जातात. ऑस्ट्रेलियात आयातीची मंजुरी आधी हवी, आणि चाकांच्या कमानीतली माती, बियाणं तिथे खपवून घेतलं जात नाही. बिल ऑफ लेडिंगवरचा, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवरचा, चासी नंबर चासीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. एक अक्षर चुकलं तर दुरुस्ती होईपर्यंत ट्रक बंदरात पडून राहतो आणि भाडं रोज चढतं. ताब्यात देताना चारी बाजूंचे, काचांचे आणि मीटरचे फोटो काढा, आणि ओरखडे ताबा-पावतीवर लिहून घ्या; नंतरच्या दाव्याला तेवढाच आधार असतो.