वजनाच्या ऑपरेशनआधी तंबाखू सोडताना: तारखांचं गणित

सर्जनने सिगारेट बंद करायला सांगितली की बहुतेक जण ऑपरेशनची तारीख मिळण्याची वाट बघतात आणि ती मिळाल्यावर सोडायला घेतात. क्रम उलटा ठेवा. आधी सोडायचा दिवस ठरवा आणि ऑपरेशनची तारीख त्याच्या हिशेबाने घ्या. अमेरिकेतल्या बेरिॲट्रिक (वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणारे) सर्जन आणि अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तंबाखू शक्यतो वर्षभर आधी सुटलेली असावी, आणि अगदी कमीत कमी सहा आठवडे आधी. सहा आठवडे ही शेवटची हद्द आहे, तेवढ्यावर बेत आखू नका.

एवढा आग्रह कशासाठी, तर जोडासाठी. गॅस्ट्रिक बायपास या वजनाच्या ऑपरेशनमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडतात. तो जोड भरून यायला भरपूर रक्त आणि ऑक्सिजन लागतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. जोड कच्चा राहिला तर गळती होते. पुढे त्याच जागी अल्सर होऊ शकतो, आणि तो रक्तस्राव करतो किंवा फुटतो. स्लीव्हमध्ये, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची नळी करतात त्या ऑपरेशनमध्ये, आतड्याचा जोड नसतो म्हणून चालतं, असं कुणी सांगितलं तर मानू नका. तिथेही स्टेपलची लांब रेघ भरून यायची असते. छातीतला संसर्ग आणि पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका तर दोन्हींत वाढतो.

सोडायचं म्हणजे सगळंच: विडी, हुक्का, गुटखा, मावा, चुना लावून मळलेली तंबाखू, तपकीर. आणि मिश्री. रोज मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायका 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला मनापासून 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. तपासणीत मात्र ती दिसते. सर्जन लघवीतलं किंवा रक्तातलं कोटिनिन बघतात. निकोटिन काही तासांत उतरतं, पण त्यापासून बनणारं कोटिनिन लघवीत काही दिवस सापडतं. दोन दिवस थांबून रिपोर्ट साफ येईल या भरवशावर राहू नका. नियमित सेवन असेल तर आधीच सांगा. लपवलेल्या सवयीचा त्रास सर्जनला नाही, तुमच्या जोडाला होतो.

आता खरी गोम. तलफ भागवायला निकोटिनचं च्युइंगम किंवा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) वापरलात तरी कोटिनिन पॉझिटिव्हच येतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: 'पॅच चालेल का? कोटिनिन शून्य हवं, की फुंकर मारून होणारी कार्बन मोनॉक्साइडची तपासणी पुरे?' ही दुसरी तपासणी पॅचमुळे बिघडत नाही. कोटिनिन शून्य हवं असेल तर हिशेब करा. दिवसाला १० पेक्षा जास्त सिगारेटी असतील तर पॅचचा नेहमीचा क्रम असा: २१ मिग्रॅ ६ आठवडे, १४ मिग्रॅ २ आठवडे, ७ मिग्रॅ २ आठवडे. हे झाले १० आठवडे. त्यावर शरीर रिकामं व्हायला निदान एक-दोन आठवडे धरा. म्हणजे सोडायचा दिवस ऑपरेशनच्या तीन महिने आधी हवा.

तेवढा वेळ नसेल तर डॉक्टरांना तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या गोळीबद्दल विचारा. त्यात निकोटिन नसतं, त्यामुळे कोटिनिन वाढत नाही. पहिले तीन दिवस ०.५ मिग्रॅ एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिग्रॅ दोनदा, एकूण १२ आठवडे. सिगारेट आठव्या दिवशी बंद. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळते, म्हणून जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत घ्या. मूत्रपिंडाचा आजार असल्यास डोस कमी करावा लागू शकतो. ब्युप्रोपिऑन हा आणखी एक पर्याय आहे, पण फिट्स येत असतील किंवा खाऊन उलटी काढण्याचा आजार कधी झाला असेल तर तो नको. असं काही असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा.

च्युइंगम फसतं ते चघळण्यामुळे. साध्या च्युइंगमसारखं सतत चावलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते आणि तलफ तशीच राहते. तोंडात मिरमिर जाणवेपर्यंतच हळू चावा, मग तंबाखूचा बार ठेवतात तसं गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. मिरमिर ओसरली की परत दोन-चारदा चावा. असं अर्धा तास. आधीची १५ मिनिटं आणि च्युइंगम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सोडा, लिंबूपाणी नको. आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागणाऱ्याला ४ मिग्रॅ, बाकीच्यांना २ मिग्रॅ.

पहिले तीन दिवस सगळ्यात अवघड, चिडचिड आणि झोपमोड तीन-चार आठवडे. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. टपरीवरचा कटिंग चहा आणि सिगारेट ही जोडी तोडा. चहा-कॉफीही निम्म्यावर आणा, कारण धुरामुळे यकृत कॅफीन भराभर संपवत असतं. धूर थांबला की तेवढ्याच कपांचा परिणाम जास्त होतो, आणि छातीतली धडधड माणूस तलफ समजतो. ओलान्झापिन, क्लोझापिन (मानसिक आजाराची औषधं) किंवा थिओफिलिन (दम्याचं औषध) चालू असेल तर याच कारणाने डोस तपासून घ्या. खोकला सुरुवातीला वाढू शकतो. फुप्फुसं कफ बाहेर टाकू लागल्याचं ते लक्षण आहे.

वजन वाढेल ही भीती रास्त आहे. सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतात. म्हणूनच ऑपरेशनआधीचा यकृत आकसवणारा दोन आठवड्यांचा कडक आहार आणि सिगारेट सोडणं एकाच आठवड्यात सुरू करू नका. दोन्ही मोडतात. तोंड चाळवलं तर काकडी, ताक, थोडी बडीशेप. सुपारी नको.

मदतीला राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन आहे: १८००-११-२३५६, मोफत. मधेच एखादी ओढली गेली तर पॅच काढून टाकू नका, उपचार चालू ठेवा आणि सर्जनला कळवा. ऑपरेशन पुढे ढकललं जाईल, पण गळतीपेक्षा ते कितीतरी बरं.

ऑपरेशननंतर च्युइंगम बंदच, गिळलं गेल्यास अरुंद जागी अडकू शकतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नका, त्या आणि सिगारेट मिळून अल्सरला बोलावणं धाडतात. वजन उतरल्यावर, सहा-आठ महिन्यांनी, पार्टीत हातात परत सिगारेट येण्याची शक्यता असते. आली आणि त्यानंतर बेंबीच्या वर जळजळ, जेवताना दुखणं किंवा काळी शौच दिसली, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन थांबू नका. काळी शौच म्हणजे त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, आणि सिगारेट सुरू झाल्याचं दारातच सांगायचं.