दार उघडण्याआधी: भांडलेल्या दोन मांजरींना पुन्हा एकत्र आणण्याची तयारी

पाच वर्षं एकाच गोधडीवर झोपणाऱ्या आमच्या ठमी आणि सोनी एका लक्ष्मीपूजनाच्या रात्री वैरिणी झाल्या. दोघी खिडकीत बसल्या होत्या, खाली सुतळी बॉम्ब फुटला, आणि घाबरलेल्या ठमीने शेजारी जी होती तिच्यावरच झेप घेतली. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. कुठे खिडकीबाहेर आलेला परका बोका निमित्त होतो, कुठे एकीच्या अंगाला आलेला दवाखान्याचा वास. भांडण दहा सेकंदांचं असतं, निस्तरायला आठवडे लागतात. दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं होतं, पण चौथ्याच दिवशी ‘आता शांत झाल्या’ म्हणून मी मधलं दार उघडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. म्हणून आधी सगळं जमवा, दाराचं नंतर बघू.

सगळ्यात आधी हाताशी हवा एक जाड पुठ्ठा, मोठ्या खोक्याची अख्खी बाजू. दोघी भिडल्या तर मध्ये तो सरकवायचा. हात कधीही घालू नका, त्या क्षणी तिला तुम्हीही ओळखू येत नाही. चावलीच किंवा बोचकारलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजर घरचं असलं तरी रेबीजच्या लशीचं डॉक्टरांनाच ठरवू द्या.

वेगळं केल्यावर दोघींची अंगं चाचपायची. मांजराचा सुळा सुईसारखा असतो. भोक वरून लगेच बुजतं आणि आत पू धरतो. सोनीच्या शेपटीच्या मुळाशी मला केसांचा एक चिकट झुबका तेवढा दिसला होता. तिसऱ्या दिवशी तिथे लिंबाएवढी गाठ, हात लावला की ती कळवळायची. त्यामुळे डॉक्टरांची वेळ यादीत वरच लिहा, आणि जिने हल्ला केला तिलाही दाखवा. दात, सांधे, लघवी यांपैकी काही दुखत असेल तर गरीब मांजरही अंगावर येतं. घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नका, तिने मांजर दगावतं.

मग खोली. आमचं घर वन बीएचके, तेव्हा बेडरूम सोनीची आणि हॉल ठमीचा. मार खाल्लेलीला दार नीट लागणारी, शांत खोली द्या. तिथे पाणी, जेवण, लपायला आडवं ठेवलेलं खोकं, नखं घासायला एखादं पोतं आणि चढून बसायला कपाटाचा माथा रिकामा. दोन मांजरींना लिटरची, म्हणजे शी-शूसाठी वाळू भरलेली, तीन भांडी लागतात; महागडा बॉक्सच हवा असं नाही, प्लॅस्टिकचं पसरट घमेलं चालतं. तिन्ही एका रांगेत मांडू नका. पुढे एकत्र राहू लागल्या की एक जण वाट अडवून बसते आणि दुसरी कोपऱ्यात किंवा गादीवर मुतते. भांडणाच्या जागी मुतल्याचा वास असेल तर एन्झाइमचा क्लीनर आणा. फिनेल नको, मांजरांना ते विषारी आहे.

आता वासाचं, आणि माझ्या मते सगळी भिस्त यावरच आहे. मांजरं एकमेकींना नाकाने ओळखतात. गाल आणि हनुवटी घासून ती घरभर आपला वास लावत असतात, आणि दोघींचा वास एकमेकींत मिसळला तरच ‘ही आपली’ असं ठरतं. जुनी सुती ओढणी फाडून तिचे तुकडे करा. एकीच्या गालांवरून तुकडा हलके फिरवायचा आणि दुसरीच्या वाडग्यापासून हातभर लांब ठेवायचा. पहिल्या दिवशी ठमी त्या तुकड्यावर फिस्कारली आणि जेवण सोडून गेली, म्हणून मी तो आणखी लांब सरकवला. नवव्या दिवशी दुपारी बघते तर त्याच तुकड्यावर हनुवटी टेकवून ती झोपलेली! एवढं झालं की रोज थोडा वेळ खोल्यांची अदलाबदल करा, समोरासमोर न आणता.

जेवण बंद दाराच्या दोन्ही बाजूंना. सुरुवात सहा फुटांवरून, मग रोज वीतभर पुढे. उकडलेल्या चिकनचे चार तुकडे फक्त याच वेळी द्यायचे. दोघी दाराला लागून निवांत खाऊ लागल्या की चौकटीत जाळी. गॅलरीला कबुतरांसाठी लावतात तीच नायलॉनची जाळी आम्ही सुताराकडून लाकडी चौकटीवर ताणून घेतली आणि वर चादर सोडली. पहिल्या दिवशी चादर चार बोटं वर, नुसते पाय दिसतील इतकीच.

इथे नजर ठेवा ती फिस्कारण्यापेक्षा टक लावण्यावर. फिस्कारणं म्हणजे ‘लांब राहा’, तेवढं चालतं. पण मान ताठ, कान मागे चपटे, शेपटीचं टोक फटकारतंय आणि पापणी लवत नाही असं दिसलं की चादर खाली, त्या दिवसापुरतं बस्स. एखादी नजर वळवून पंजा चाटू लागली किंवा डोळे सावकाश मिटून उघडू लागली, तर उद्या चादर आणखी चार बोटं वर.

जाळीशिवायच्या पहिल्या भेटीआधी नखं कापा. वेळ जेवणाआधीची, घरात दोन माणसं, दोन काठीची खेळणी, पुठ्ठा भिंतीला टेकवलेला. पाच मिनिटं पुरे. कडेवर घेऊन तोंडाला तोंड लावायचं नाही, पाणी मारायचं नाही, ओरडायचं नाही. घरातल्या सगळ्यांना हे आधी सांगून ठेवा. आमच्या आई ‘बहिणी आहेत, भांडतील नि विसरतील’ म्हणत दार उघडायला निघायच्या. त्यांना ओढणीचे तुकडे बदलायचं काम दिलं, आणि ते त्यांनी माझ्यापेक्षा नेमाने केलं.

एकत्र जेवू लागल्यावरही रात्री आणि घरात कोणी नसताना महिनाभर वेगळं ठेवा. फटाक्यांच्या दिवसांत तर ठेवाच. आमच्याकडे आता वसुबारसेपासून संध्याकाळी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि बाहेर पूर्ण शांत होईपर्यंत दोघी दोन खोल्यांत.