बाळासाठी सनस्क्रीन घेताना ट्यूबची मागची बाजू वाचा

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर सनस्क्रीनच्या फंदात सहसा पडूच नये. सावली, पातळ सुती पूर्ण बाह्यांचं झबलं आणि कान-मान झाकणारी टोपी हेच त्याचं संरक्षण.

त्यानंतर मिनरल, म्हणजे खनिजांच्या थराने ऊन अडवणारं सनस्क्रीन घ्या. समोर 'बेबी' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. मागे सक्रिय घटकांत फक्त झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड आहे ना, ते बघा. दोन्हींपैकी मी झिंक निवडेन, कारण यूव्हीए, म्हणजे उन्हातल्या त्वचेत खोलवर जाणाऱ्या किरणांपासून ते जास्त चांगलं रक्षण करतं. एसपीएफ (उन्हाने भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा) ३० किंवा जास्त, 'ब्रॉड स्पेक्ट्रम' (म्हणजे यूव्हीए आणि त्वचा भाजणारे यूव्हीबी, दोन्ही किरण अडवणारं), आणि सुगंध अजिबात नको. नाजूक त्वचेला बऱ्याचदा तोच सुगंध बाधतो, मोठ्यांच्यासुद्धा. स्प्रे तर घरात आणूच नका, तो श्वासातून आत जातो.

आधी दंडाच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा. पुरळ, लाली नसेल तर उन्हात जाण्याआधी भरपूर लावा. पांढरट थर दिसतो म्हणून अनेकजण हात आखडता घेतात आणि तिथेच संरक्षण कमी पडतं. थर दिसू द्या! कान, मानेची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग विसरू नका. पापण्या आणि चोखली जाणारी बोटं मात्र सोडा. दर दोन तासांनी, शिवाय घाम आल्यावर किंवा समुद्रात खेळून आल्यावर पुन्हा लावा. घरी आल्यावर कोमट पाण्याने हलक्या हाताने धुऊन काढा.