घरात गलका असताना पाठांतर कसे करावे

बेळगावात वडगाव-खासबागच्या गल्लीत यंत्रमाग चालू असतात आणि भिंतीपलीकडे एखादी मुलगी निवांत गणिते सोडवत बसलेली असते. संध्याकाळी माग थांबतात, समोरच्या घरात मालिका लागते आणि तीच मुलगी पुस्तक आपटून उठते. घरच्यांना वाटते, नुसती निमित्ते. मागाच्या खडखडाटापुढे टीव्हीचा आवाज तो केवढा! पण मुलीचे बरोबर आहे. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो किती बदलतो, हे पाठांतराला जास्त नडते. पंख्याची घरघर, कौलांवरचा पाऊस, लांबून येणारी मागाची एकसुरी खडखड यांना कान सरावतो. माणसाचे बोलणे मात्र सारखे आत घुसत राहते, मग ते हळू का असेना.

१९७६ साली कोल आणि वेल्श या संशोधकांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना अक्षरांच्या ओळी क्रमाने लक्षात ठेवायला दिल्या आणि मागे जर्मन वाचन लावले. त्याकडे लक्ष देऊ नका, असे सांगितलेलेच होते. जर्मन त्यांना कळतही नव्हते. तरी चुका वाढल्या. याचा एक उलगडा असा, की क्रमाने लक्षात ठेवायची गोष्ट आपण मनातल्या मनात बोलून धरून ठेवतो आणि बाहेरचे बोलणे नेमके त्याच वाटेत आडवे येते.

म्हणजे ‘शेजारी कन्नड बातम्या लागल्यात, आपल्या पोराला त्यातले काय कळतंय’ हे म्हणणे घोकंपट्टीपुरते तरी टिकत नाही. धडा वाचून समजून घेताना गोष्ट थोडी वेगळी असते. तिथे कळणारी भाषा जास्त खोडा घालते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बहुतेक पोरांना मराठी आणि कन्नड दोन्ही कळतात, तेव्हा त्यांची दोन्हीकडून पंचाईत.

आधी आवाजांची यादी करा

अभ्यासाच्या नेहमीच्या जागी पाव तास पुस्तक न उघडता बसा आणि कानावर काय काय येते ते कागदावर लिहा. कुकरची शिट्टी, पिठाची गिरण, दूधवाल्याची गाडी, ओट्यावर बसलेल्या बायकांच्या गप्पा, देवळातला भोंगा, फोनवर मोठ्याने बोलणारे काका. प्रत्येकापुढे एकच गोष्ट नोंदवा: आवाज एकसुरी आहे की बोलता-गाता. हेच सकाळी, दुपारी आणि रात्री एकेकदा करा. बोलत्या आवाजांपासून मोकळा असा एखादा तास बहुतेक घरांत निघतो, आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा वेगळ्याच वेळी असतो. माग असलेल्या गल्लीत वीज गेल्यावर शांतता होईल असे वाटते, पण तेव्हा सगळी गल्ली बाहेर येऊन बोलत बसते.

कामे आवाजाप्रमाणे वाटा

गलका बंद करणे बहुधा आपल्या हातात नसते. कोणता अभ्यास कधी करायचा, हे मात्र असते.

मोकळ्या तासात फक्त क्रमाने पाठ करायच्या गोष्टी घ्या: कविता, सूत्रे, सनावळ्या, आवर्त सारणी, कन्नड शब्दांची यादी. नवा धडा पहिल्यांदा वाचायचा असेल तर तोही इथेच. मालिकेच्या वेळेत नकाशा भरणे, आकृत्या काढणे, पद्धत समजलेली गणिते सोडवणे, वही पूर्ण करणे, उद्याचे दप्तर भरणे. ही कामे गोंगाटात अगदी बिनचूक होतील असे नाही, पण पाठांतराइतकी मार खात नाहीत. बऱ्याच घरांत नेमके उलटे चालते. संध्याकाळी सात वाजता टीव्हीसमोर पाढे, आणि पहाटेच्या सोन्यासारख्या वेळेत शीर्षकांखाली रंगीत पेनाने रेघा. आई आतून विचारते, “काय करूलास रे?” आणि उत्तर येते, “अभ्यास करूलोय की गे!” तो करतोय हे खरेच असते, फक्त चुकीच्या वेळी चुकीचा.

पुन्हा पुन्हा वाचण्याने गोंगाटात फसगत होते. डोळे ओळींवरून फिरतात, ओळखीचे वाटते आणि पाठ झाले असा समज होतो. त्यापेक्षा एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भरा. आठवण्याचा असा सराव नुसत्या फेरवाचनापेक्षा जास्त दिवस टिकतो, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. शिवाय गलक्यात लक्ष कुठे तुटले ते त्या कागदावर लगेच दिसते.

आवाज झाकायचा असेल तर

पंखा किंवा कूलर चालू ठेवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्याच्या घरघरीत शेजारचे बोलणे विरघळते. शब्द वेगळे ऐकू आले नाहीत की त्यांचा त्रास कमी होतो. खानापूर-कणकुंबीकडच्या मुलांना पावसाळ्यात हे झाकण आभाळच पुरवते. इतरांनी मोबाईलवर पावसाचा आवाज लावला तरी चालतो, पण बोलणे जेमतेम पुसट होईल इतकाच ठेवा. मोबाईल पालथा ठेवा, नाहीतर पावसाच्या निमित्ताने दुसरेच काही सुरू होते.

गाणी नकोत. ‘मला गाणी लावल्याशिवाय अभ्यासच होत नाही’ असे म्हणणारे कॉलेजात ढिगाने भेटतात. प्रयोगांत मात्र आवडते गाणे आणि नावडते गाणे, दोन्हींनी क्रमाने लक्षात ठेवण्याला सारखाच अडथळा केला. गणितांच्या वेळी ऐकायची तर ऐका. पाठांतराच्या वेळी बंद.

कानात कापसाचे बोळे घालून फारसे काही होत नाही. औषधाच्या दुकानात फोमच्या बारक्या गोळ्या मिळतात, त्या उपयोगी. पण बहुतेक जण त्या नुसत्या कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि काम करत नाहीत म्हणून टाकून देतात. हात धुऊन गोळी दोन बोटांत फिरवत वातीसारखी बारीक करायची. उजव्या कानात घालायची असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, गोळी आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवायची. स्वतःचेच बोलणे घुमल्यासारखे वाटले की नीट बसली. कान दुखत किंवा वाहत असेल तर घालू नये.

खोलीचेही थोडे पाहा. जिथून वारा येतो तिथून आवाज येतो. दाराखालच्या फटीत जुनी वाकळ गुंडाळून ठेवली तरी फरक पडतो. रस्त्याकडच्या भिंतीला पुस्तकांचे किंवा कपड्यांचे कपाट लावा आणि टेबल उलट्या बाजूला न्या.

टिळकवाडीच्या रेल्वे गेटजवळ राहणाऱ्यांनी गाडीशी झगडू नये. गाडी येताना दिसेल त्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब द्यायचे, ती जाऊ द्यायची, मग टिंबापासून पुढे. रात्रीचा गोंगाटही हलक्यात घेऊ नका. दिवसा पाठ केलेले पक्के होते ते झोपेत, आणि झोपमोड झाली की दुसऱ्या दिवशी त्याचीच वजाबाकी होते.

वर्गात

न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या अगदी शेजारून उंचावरची रेल्वे जायची. १९७५ साली ब्रॉन्झाफ्ट आणि मॅकार्थी यांनी दाखवले, की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुले वाचनात पलीकडच्या वर्गांतल्या मुलांच्या मागे पडली होती. पुढे रुळांवर आवाज कमी करण्याची सोय केली, वर्गांची छते आवाज शोषणारी केली, आणि ती तफावत राहिली नाही. तेव्हा शाळा मोठ्या रस्त्याला लागून असेल तर पहिली-दुसरीचे वर्ग मागच्या बाजूला नेण्याचा विषय पालकसभेत काढायला हरकत नाही. लहान मुलांना गोंगाट मोठ्यांपेक्षा जास्त बाधतो.

मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) करून पीयूसीला (अकरावी-बारावीला) इंग्रजीत विज्ञान घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. गोंगाटात मातृभाषेतले निम्मे ऐकू आलेले वाक्य आपण मनानेच पुरे करतो. नव्या भाषेत ते जमत नाही. म्हणून पहिले काही महिने पुढच्या दोन बाकांवर, दारापासून आणि खडखडणाऱ्या पंख्यापासून लांब बसा. धडा आदल्या रात्री चाळून त्यातले नवे शब्द पाहून जा, म्हणजे अर्धवट ऐकू आलेला शब्दही ओळखता येतो. शेवटच्या बाकावरून ‘सरांचे काही कळत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांना खरे तर ते नीट ऐकूच येत नसते.

परीक्षा शांत खोलीत असते. जिथे शिकलो तशाच वातावरणात आठवायलाही सोपे जाते, म्हणून गोंगाटात केलेल्या प्रत्येक धड्याची निदान एक उजळणी शांततेत करा, घरी जमत नसेल तर वाचनालयात जाऊन.

बोलायला जाताना

मार्च-एप्रिलच्या परीक्षा, यात्रा आणि लग्नसराई एकमेकांच्या अंगावर येतात. शिवजयंतीच्या चित्ररथांची तयारीही फार लांब नसते. घरापासून सुरुवात करा. ‘आजी, टीव्ही बंद कर’ म्हणण्यापेक्षा ‘आजी, साडेसात ते साडेआठ मला दे, मग तुझी मालिका’ हे जास्त चालते. गल्लीतल्या मंडळाकडे परीक्षेचे वेळापत्रक घेऊन, आधी आठवडाभर, दिवसा जा. “काका, दहावीचे पेपर आहेत हो, भोंग्याचे तोंड तेवढे पलीकडे करा” एवढे सांगितले की बहुतेक जण ऐकतात, कारण त्यांच्याही घरात कोणी ना कोणी परीक्षेला असतेच. कार्यक्रम सुरू झाल्यावर, डॉल्बीपुढे उभे राहून केलेली विनंती कोणालाच ऐकू येत नाही.

तरीही जमले नाही तर कायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, म्हणून आज तसा दिवस आहे का ते आधी पाहा. नसेल तर ११२ वर फोन करून गल्लीचे नाव, जवळची खूण आणि आवाज कशाचा आहे एवढे सांगा.