तरुण मुलं तालमीला का येतात, आणि ती टिकावीत म्हणून काय करावं

पहिल्या तालमीला मी प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचा एक चिटोरा देते आणि एकच प्रश्न विचारते : नाटकात का यायचंय? नाव लिहायचं नाही. शेवटचा प्रयोग झाला की पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा चिटोरे. अठरा ते चोवीस वयाच्या मुलांबरोबर मी वीसेक वर्षं नाटक करते आहे, आणि हे सगळे चिटोरे एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले आहेत.

सुरुवातीची उत्तरं ठरलेली असतात. 'ॲक्टर व्हायचंय.' 'स्टेजची भीती घालवायचीय.' 'मैत्रीण आली म्हणून.' शेवटची उत्तरं वेगळीच येतात. 'मी उशिरा पोचलो की प्रवेश थांबायचा.' 'शेवटचा दिवा माझ्या हातात होता.' 'मी बोलत असताना ती खरंच ऐकत होती.'

टाळ्यांची ओढ मुलांना असते, त्यात वावगं काही नाही. पण टाळ्या दोन मिनिटं वाजतात आणि तालमी दोन महिने चालतात. एवढे दिवस थकूनभागून, अभ्यास सांभाळून मूल येत राहतं, कारण तिथे त्याच्यावाचून कोणाचं तरी अडतं. परीक्षेला गैरहजर राहिलं तर नुकसान त्याचं एकट्याचं. तालमीला आलं नाही तर समोरच्याचं वाक्य अधांतरी राहतं. आपल्यावाचून अडतंय हे या वयात फार कमी ठिकाणी अनुभवाला येतं. म्हणून तरुणांचा गट हाती घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, की तालमीची आखणी अशी करा, की प्रत्येकावाचून रोज काहीतरी अडेल.

हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या एका नाटकात एका मुलाला दोन वाक्यांचं काम होतं, तिसऱ्या अंकात. मी त्याला रोज बोलवायचे आणि रोज शेवटपर्यंत बसवून ठेवायचे. एके दिवशी त्याचा प्रवेश आला आणि तो नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, त्याआधीच्या दोन तालमींनाही तो आलेला नव्हता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो परत आला नाही, आणि त्याने यायला हवं होतं असं म्हणायचा हक्क मला उरला नव्हता.

तेव्हापासून तालमीचं वेळापत्रक प्रवेशांनुसार लावते. ज्याचं काम सात वाजता त्याला पावणेसातला बोलवायचं. अर्ध्या तासाहून जास्त कोणी नुसतं बसणार नाही. संहिताही त्याच हिशेबाने निवडा. एक नायक आणि बाकी सगळे दारं उघडणारे, असं नाटक पहिल्यांदा नको. शिक्षक राहिलेल्या मायकेल क्रॉफ्ट यांनी १९५६ साली लंडनमध्ये तरुणांची नाट्यसंस्था सुरू केली, तेव्हा पहिलं नाटक घेतलं शेक्सपिअरचं 'हेन्री पाचवा'. त्यात राजा आहे, पण सैन्यही आहे, आणि लढाईच्या आदल्या रात्री जागणारे साधे शिपाईही आहेत. गर्दीतल्या माणसालाही चेहरा असेल, अशी संहिता शोधा.

पहिला आठवडा पात्रं वाटू नका. गोल बसून वाचा, आणि रोज भूमिका बदला. वाचनाआधी पंधरा मिनिटं खेळ. अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन १९३९ च्या सुमाराला शिकागोमध्ये मुलांबरोबर काम करत होत्या. त्यांतली बरीच स्थलांतरित कुटुंबांतली होती. व्याख्यानं देऊन नाटक शिकवण्याऐवजी त्यांनी खेळ रचले. त्यांतला आरशाचा खेळ मी प्रत्येक गटाबरोबर करते. दोघं समोरासमोर उभे. एक हालेल तसं दुसऱ्याने हलायचं. मग अदलाबदल. मग पुढाकार कोणाचाच नाही, दोघांनीही फक्त समोरच्याचं अनुकरण करायचं. पहिले दोन दिवस हसण्यात जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोली अचानक गप्प होते, कारण आता हात नेमका कोण हलवतंय ते दोघांनाही कळेनासं होतं. समोरच्याकडे इतका वेळ, इतकं लक्ष देऊन यांच्यापैकी अनेकांनी आधी कधी पाहिलेलं नसतं.

उभ्याने तालीम सुरू झाली की एक पथ्य पाळा. मुलाला 'दुःखी हो', 'चिडून बोल' असं सांगू नका. तो भुवया जवळ आणेल, आवाज कापरा करेल आणि तिथेच अडकेल. त्याला काम द्या : 'तिला दाराबाहेर जाऊ देऊ नकोस.' तो आपोआप दाराच्या आणि तिच्या मध्ये येईल, आवाज बदलेल, आणि भावना मागून चालत येईल. अभिनयाची पद्धत घडवणारे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की, त्यांनीही अखेरच्या वर्षांत शारीरिक कृतीवरच भर दिला होता. म्हणून प्रत्येक प्रवेशाआधी विचारायचं : तुला आत्ता, याच्याकडून, काय हवंय? उत्तरात क्रियापद आलं पाहिजे.

क्रियापदावरून आठवलं. मराठी वाक्याचा जीव बहुतेकदा शेवटी असतो, आणि नवी मुलं नेमका तिथेच आवाज सोडून देतात. 'मी त्याला तिथे पाहिलं नाही' यातला 'नाही' गिळला, तर मागच्या रांगेपर्यंत उलटाच अर्थ पोचतो. यावर ओरडणं हा उपाय नव्हे. ओरडून घसा बसतो, पण शब्द पोचत नाही. मी मुलांना वाक्य उलटीकडून बांधायला लावते. आधी नुसतं 'नाही', मग 'पाहिलं नाही', मग 'तिथे पाहिलं नाही'. दहा वाक्यं अशी करून घेतली की शेवटपर्यंत श्वास पुरवायची सवय लागते. एकाने खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभं राहायचं आणि ऐकू आलेला शेवटचा शब्द म्हणून दाखवायचा. माझ्या दुरुस्तीपेक्षा हे मुलांना लवकर पटतं.

पाठांतराची तारीख पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. प्रयोगाच्या तीन आठवडे आधी वह्या खाली. त्यानंतर अडलं तर विंगेतून वाक्य सुचवायला प्रॉम्प्टर आहे.

आणि प्रॉम्प्टरचं काम शिक्षा म्हणून कोणाला देऊ नका. एका वर्षी एक मुलगी नुसती मैत्रिणीला सोबत म्हणून येत होती. कोपऱ्यात बसायची. अभिनय करणार नाही म्हणाली. मी तिच्या हातात प्रॉम्प्टची वही आणि पेन्सिल दिली : कोण कुठून येतो, कुठे थांबतो, कुठे श्वास घेतो, सगळं टिपायचं. पंधराएक दिवसांनी एका तालमीत तिने हात वर केला आणि म्हणाली, 'ताई, या प्रवेशात तो तिसऱ्यांदा खोटं बोलतोय. पहिल्या दोन वेळी तो तिच्याकडे बघत नाही. आत्ताच का बघतो?' सगळे थांबले. मी ते नाटक महिनाभर बसवत होते, आणि मला ते दिसलं नव्हतं. त्या नजरेवरून आम्ही अख्खा प्रवेश पुन्हा बसवला. पुढची चार वर्षं वही तिच्याकडेच होती, आणि ती एकदाही रंगमंचावर उभी राहिली नाही. नाटकाचं वेड म्हणजे अभिनयाचं वेड असं समजणाऱ्यांना मी तिच्याबद्दल सांगते.

भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'त अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. यातल्या आहार्यात वेशभूषा आणि रंगभूषा येते. म्हणजे कपडेपट सांभाळणारा मुलगाही अभिनयाचाच एक भाग सांभाळत असतो. पहिल्याच बैठकीत हे सर्वांसमोर सांगा, आणि मग तसे वागा. बॅकस्टेजच्या मुलांना शेवटच्या आठवड्यात बोलावून सामान वाहायला लावू नका. त्यांनाही वाचनाला बसवा.

त्यांच्या कामात नेमकेपणा असू द्या, कारण अभिमान नेमकेपणातून येतो. तालमीच्या जमिनीवर सेटची मापं चिकटपट्टीने आखायला लावा. प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तूंच्या, टेबलावर मोठा कागद अंथरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढायला सांगा. चष्म्याची जागा रिकामी दिसली की चष्मा अजून रंगमंचावरच आहे, हे अंधारातही कळतं. टॉर्चला निळा कागद, पायांत आवाज न करणारी चप्पल. दिवे सांभाळणाऱ्याला 'हळूहळू घालव' सांगू नका, 'तिने पत्र खाली ठेवलं की आठ सेकंदांत' सांगा. शेवटचा दिवा हातात होता असं लिहिणारा मुलगा ते आठ आकडे ओठांत मोजायचा. विंगेतून मला दिसायचं.

सूचना देताना एका वेळी एकाला एकच द्या, आणि ती काय सुधारायचं हे सांगणारी असू द्या. चांगलं काय झालं तेही तितक्याच नेमकेपणाने सांगा. 'छान' या शब्दाने मुलाच्या हाती काही लागत नाही. 'तू ग्लास ठेवायला वेळ घेतलास, म्हणून आम्हाला कळलं की तुला जायचं नाही', हे तो विसरत नाही.

पालक भेटायला येतील आणि विचारतील, यातून पुढे काय? खरं तेच सांगा. नाटकावर पोट भरणारे थोडे असतात, आणि मूल हुशार आहे म्हणून ते त्या थोड्यांत असेलच असं नाही. पण तालमींचं वेळापत्रक परीक्षेच्या तारखा पाहून लावलंय, हेही दाखवा. मुलांनाही हेच सांगा. या वयात खोटी आशा लगेच ओळखू येते, आणि ती देणाऱ्यावरचा विश्वास उडतो.

प्रयोगाच्या दिवशी हात गार पडतात, तोंड सुकतं. 'घाबरू नकोस' म्हणून काही होत नाही. तिसऱ्या घंटेआधी सगळ्यांना, बॅकस्टेजसकट, गोलात उभं करा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ, पाच वेळा. मग प्रत्येकाने आपल्या पहिल्या वाक्याऐवजी समोरच्याचं पहिलं वाक्य मनात म्हणायचं. स्वतःवरची नजर हलली की भीती पुष्कळ उतरते.

पडदा पडला की फोटो, फुलं, मिठ्या होऊ द्यात. पण सेट त्याच रात्री उतरवा आणि सगळ्यांनी मिळून उतरवा. नायिकेनेही खिळे गोळा करायचे. जमिनीवरच्या चिकटपट्ट्या ओरबाडून निघाल्या की मोकळ्या रंगमंचावर गोल बसवा आणि चिटोरे वाटा. लिहून झाले की पुढच्या नाटकाच्या वाचनाचा वार आणि वेळ सांगा. कोण येणार म्हणून हात वर करायला लावू नका. खुर्च्या मात्र यावेळी होत्या तितक्याच मांडा, आणि एखादी रिकामी राहिली तर त्याच संध्याकाळी त्या मुलाला फोन करा.