चहाबरोबर लाल गोळी? गरोदरपणातल्या मधल्या खाण्यात या चुका टाळा

"पाचवा महिना सरत आला, लोहाची लाल गोळी एक दिवस चुकवली नाही, तरी एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) साडेनऊवरच अडलंय." असं कुणी सांगितलं की मी आहाराचा तक्ता नंतर काढते. आधी विचारते, गोळी कशाबरोबर घेता? बरेचदा उत्तर येतं, चार वाजता चहा-बिस्किटाबरोबर. नाहीतर सासूबाई म्हणाल्या, उष्ण पडेल, म्हणून दुधाबरोबर.

दोन्हीकडे गोळीतलं बरंचसं लोह अंगी लागत नाही. चहातली टॅनिनं लोहाला बांधून ठेवतात आणि दुधातलं कॅल्शियम त्याची वाट अडवतं. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून ती रोज एक, असे किमान 180 दिवस घ्यायची. एवढं करून ती कपभर चहात बुडवायची म्हणजे काय? गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, किंवा वर पेरूच्या दोन फोडी खा. क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. चहा गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी लांब ठेवा आणि कॅल्शियमच्या गोळीत किमान दोन तासांचं अंतर सोडा. मळमळत असेल तर रात्री झोपताना घेऊन पाहा. शौचाला काळी होते म्हणून घाबरून गोळी बंद करणाऱ्या खूप जणी भेटतात. ते लोहामुळेच होतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. बद्धकोष्ठ मात्र फार त्रास देत असेल तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या, परस्पर सोडू नका.

याच घोळातली दुसरी समजूत बीट आणि डाळिंबाची. लाल म्हणून रक्त वाढतं, असं काही नसतं. दोन्हींत लोह अगदी बेताचं आहे. खायला ना नाही, पण भिस्त ठेवायची तर मटकी, चवळी आणि लाल माठाच्या भाजीवर ठेवा. वर लिंबू पिळा. मटकीला मोड आले तरी ती कच्ची नको, वाफवून घ्या. मोड यायला जी ऊब लागते, तीच जंतूंनाही मानवते.

"दोघांचं खायचंय, घे अजून एक पोळी"

पहिल्या तीन महिन्यांत जेवण वाढवायची गरज जवळपास नसतेच. पुढे आपल्याकडच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे दिवसाला साधारण 350 कॅलरी जास्त लागतात. म्हणजे पेलाभर दूध, एक केळं आणि मूठभर शेंगदाणे. एवढंच! प्रथिनं मात्र खरोखर वाढवावी लागतात. दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम जास्त, तिसरीत 22 ग्रॅम. ती जादा पोळीतून फारशी येत नाहीत. पोह्यांत मटार-शेंगदाणे सढळ हाताने घाला, थालीपिठाबरोबर वाटीभर दही घ्या, चालत असेल तर उकडलेलं अंडं खा. फुटाणे तर पर्समध्येच असू द्यात.

मधल्या भुकेला बिस्किटाचा पुडा फोडणं ही मला सगळ्यात चिवट सवय वाटते. वेष्टनावर 'डायजेस्टिव्ह' लिहिलं तरी आत मैदा, साखर आणि तेल बऱ्यापैकी असतं. याला एक अपवाद आहे. सुरुवातीच्या महिन्यांत सकाळी उठल्या उठल्या मळमळतं, तेव्हा अंथरुणातच कोरडं काहीतरी, लाह्या, टोस्ट, अगदी बिस्किटही, खाऊन मग उठलेलं बरं. रिकाम्या पोटी मळमळ वाढते.

साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत होते आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांदरम्यान. 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर 140 किंवा जास्त आली की घरात धावपळ उडते आणि पहिली चूक होते ती जेवण तोडण्याची. भूक मारू नका. थोडं थोडं, पण वेळेवर खा. रस न काढता फळ चावून खा.

आणि उपास. संकष्टीला दिवसभर चहा, रात्री चंद्र दिसल्यावर एकदम ताटभर, हे या काळात नकोच. करायचाच असेल तर साबुदाण्यावर काढू नका, तो जवळपास नुसता स्टार्च आहे. राजगिऱ्याचा लाडू, ताक, दाण्याची आमटी, फळं, असं दर दोन-तीन तासांनी घ्या.

आंबट-तिखटाच्या डोहाळ्यांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती गाडीवरच्या पाणीपुरीच्या पाण्याला. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ इतरांना बहुधा बरी होऊन जाते, पण शेवटच्या तिमाहीत ती आईच्या जिवावर बेतू शकते. पुऱ्या विकत आणा, पाणी घरी उकळून गार केलेलं वापरा. पुदिना नीट धुतलेला हवा.

लपवून खाल्लं जाणारं

पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजलेली माती, कच्चे तांदूळ. हे बाई सहसा आपणहून सांगत नाही, सोबत आलेली बहीण सांगते. घरचे ओरडतात, मग ती लपवून खाते. अशी इच्छा बरेचदा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असते. मातीतून जंत आणि शिसं पोटात जाऊ शकतं, शिवाय मातीच लोहाच्या शोषणात आडवी येते, म्हणजे एचबी आणखी घसरतं. ओरडून ही इच्छा जात नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि एचबी तपासून घ्या. ते 11 च्या खाली असेल तर गोळीचं वेळापत्रक पुन्हा मांडा, चहापासून लांब. लोह भरून निघालं की बहुतेकींची मातीवरची वासना आपोआप उडते.